वाचकांचे प्रश्न : ग्योटिंगेनला जाताना

प्रश्न : माझी धाकटी मुलगी जर्मनीत ग्योटिंगेन येथील विद्यापीठात जीवशास्त्रात पीएच.डी. करीत असून जूनमध्ये तिची शेवटची तोंडी परीक्षा आहे. त्या निमित्ताने मी आणि माझे यजमान दहा दिवस तेथे जाणार आहोत. मुलगी म्हणते, गाव लहान आहे, दोन दिवसांत पाहून होईल. मी शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकविले आहे, त्यामुळे नुसती दुकाने पाहत हिंडण्यात मला रस नाही. तसेच परीक्षेनंतर कारंज्यावरील मूर्तीचे चुंबन घ्यायचे असते असे ती सांगते, तो काय प्रकार आहे? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : तुमच्या लेकीचे म्हणणे अंतरांच्या दृष्टीने खरे आहे. लोअर सॅक्सनी प्रांताच्या दक्षिण टोकाला, लाइने नदीकाठी वसलेल्या या शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आहे आणि जुन्या तटाच्या आतले गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी ओलांडायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. तरीही दहा दिवस जास्त होतील असे मला वाटत नाही. हे गाव नुसते पाहण्यापेक्षा वाचत हिंडण्याचे आहे, आणि संस्कृतच्या शिक्षिकेला तर येथे आपल्याच घरचा एक धागा सापडतो.

तो धागा आधी सांगतो. फ्रांत्स कीलहोर्न हे जर्मन पंडित १८६६ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून आले आणि सुमारे पंधरा वर्षे तेथे राहिले. पुण्याच्या शास्त्रीमंडळींजवळ बसून ते परंपरेच्या पद्धतीने व्याकरण शिकले, नागोजीभट्टांच्या ‘परिभाषेन्दुशेखरा’चे त्यांनी संपादन व इंग्रजी भाषांतर केले, आणि पतंजलींच्या ‘व्याकरणमहाभाष्या’ची त्यांनी सिद्ध केलेली तीन खंडांची संहिता आजही अभ्यासकांच्या हाताशी असते. हेच कीलहोर्न पुढे १८८२ मध्ये ग्योटिंगेनच्या विद्यापीठात संस्कृतच्या अध्यासनावर आले आणि १९०८ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. पुण्यात त्यांची जागा रिकामी झाली, ती डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांकडे गेली. ज्यांच्या ‘मार्गोपदेशिके’वरून तुम्ही आणि तुमच्या विद्यार्थ्यांनी शब्द चालविले असतील, त्याच भांडारकरांना १८८५ मध्ये सन्मान्य डॉक्टरेट दिली ती ग्योटिंगेन विद्यापीठानेच. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातले गेओर्ग ब्यूलर यांचे शिक्षणही ग्योटिंगेनला, पंचतंत्राचे भाषांतरकार थेओडोर बेन्फाय यांच्या हाताखाली झाले होते, आणि ब्यूलर व कीलहोर्न या दोघांनी मिळून ‘बॉम्बे संस्कृत सीरीज’ ही ग्रंथमाला उभी केली. लेकीच्या विद्यापीठात पाऊल टाकताना आपण परक्या दारात उभ्या आहोत असे वाटण्याचे तुम्हाला खरोखर कारण नाही.

आता मूर्तीविषयी. जुन्या नगरभवनासमोरच्या चौकात, नक्षीदार लोखंडी मंडपीखाली, हातात बदके घेतलेली एक मुलगी उभी आहे. तिला ‘गेन्झेलीझेल’, म्हणजे बदके राखणारी लीझेल, असे म्हणतात. हे कारंजे १९०१ मध्ये उभे राहिले. विद्यार्थी तिचे चुंबन घेऊ लागले, तेव्हा १९२६ मध्ये त्यावर बंदीचा हुकूमही निघाला होता, पण विद्यार्थ्यांनी प्रथा सोडली नाही आणि काळाच्या ओघात ती नव्या डॉक्टरांची झाली. तोंडी परीक्षा उत्तीर्ण झाली की सहकारी मित्र उमेदवाराला सजविलेल्या हातगाडीत बसवून वाजतगाजत चौकात आणतात, त्याच्या डोक्यावर त्याच्या संशोधनाच्या खुणा चिकटविलेली घरी बनविलेली टोपी असते, आणि मग तो कारंज्यावर चढून मूर्तीला फुले देतो व तिच्या गालाचे चुंबन घेतो. आज चौकात असलेली मूर्ती ही प्रतिकृती आहे आणि मूळ मूर्ती शहराने जपून ठेवली आहे. तुम्ही तेथे असाल तर फुलांचा गुच्छ तुमच्या हातून लेकीला द्या. कारंज्याचा काठ ओला असतो, म्हणून तिने साडी नेसायची ठरविली असेल तर पायांत घट्ट बसणारी पादत्राणे असू द्यावीत. समारंभ दहा-पंधरा मिनिटांत आटोपतो, तेव्हा छायाचित्रासाठी यजमानांनी आधीच जागा धरावी.

उरलेल्या दिवसांसाठी माझी सूचना अशी, की रोज सकाळी एकच दिशा धरावी. गावातील जुन्या घरांच्या भिंतींवर पांढऱ्या संगमरवरी पाट्या दिसतील. त्या घरात कोण, केव्हा राहिले, एवढेच त्यांवर कोरलेले असते, आणि अशा पाट्या तीनशेहून अधिक आहेत. हा उपक्रम एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. एका गल्लीत गणिती, पुढच्या दारी कवी, त्याच्या वरच्या मजल्यावर पुढे मोठा मुत्सद्दी झालेला एखादा विद्यार्थी असे शेजार वाचत गेलात, की विद्यापीठाने गाव कसे घडविले हे कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले कळते.

परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचे नाव तुमच्या विद्यार्थ्यांनाही ठाऊक असेल. याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे दोघे १८३०च्या सुमारास येथे ग्रंथपाल व प्राध्यापक म्हणून आले. १८३७ मध्ये हानोव्हरच्या गादीवर आलेल्या राजा एर्न्स्ट आउगुस्टने राज्यघटना मोडीत काढली, तेव्हा घटनेशी घेतलेली शपथ आम्ही मोडणार नाही असे लेखी कळविणारे सात प्राध्यापक पुढे आले, त्यांत हे दोघे होते. सातही जणांना बडतर्फ करण्यात आले, आणि याकोब ग्रिम, डाल्मान व गेर्विनुस या तिघांना तर तीन दिवसांत राज्याबाहेर जावे लागले. ज्या विद्यापीठाची शताब्दी त्याच वर्षी थाटात साजरी झाली होती, त्याच विद्यापीठात हे घडले. त्या शताब्दीसाठी बांधलेले सभागृह विल्हेल्मचौकात आहे आणि त्याच इमारतीत विद्यार्थ्यांना शिक्षा म्हणून डांबण्याची जुनी कोठडी जपलेली आहे. कोठडीच्या भिंती कैदी विद्यार्थ्यांनी काढलेल्या चित्रांनी व नावांनी भरून गेल्या आहेत. ती मार्गदर्शकाबरोबरच पाहता येते, म्हणून पर्यटन कार्यालयात आधी चौकशी करावी.

प्रश्न : मी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचा अध्यापक होतो. पुंज यांत्रिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) जन्म जेथे झाला ते ग्योटिंगेन एकदा डोळ्यांनी पाहावे अशी फार वर्षांची इच्छा आहे. त्या काळातील काही आज शिल्लक आहे का? गुडघे दुखतात, तेव्हा चालणे किती पडेल तेही कळवावे. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : शिल्लक पुष्कळ आहे. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या कासेल व हानोव्हर या शहरांची राखरांगोळी झाली, त्या मानाने ग्योटिंगेनची हानी थोडी झाली, आणि म्हणून लाकडी चौकटींची जुनी घरे व संस्थांच्या इमारतीही उभ्या राहिल्या.

सुरुवात गाउसपासून करावी. थोर गणिती कार्ल फ्रीडरिश गाउस १८०७ पासून १८५५ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथील वेधशाळेचे प्रमुख होते. ती वेधशाळा गाइस्मार रस्त्यावर अजून उभी आहे. १८३३ मध्ये गाउस आणि विल्हेल्म वेबर यांनी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून वेधशाळेपर्यंत तार टाकून विजेच्या साहाय्याने संदेश पाठविले. ती तार सेंट योहानिस चर्चच्या मनोऱ्यांवरून नेली होती. चौकात उभे राहून त्या दोन मनोऱ्यांकडे पाहिले, की प्रयोग किती साध्या साधनांनी झाला हे मनाला भिडते. गाउस व वेबर यांचा जोडपुतळा तटाजवळच्या बागेत आहे, आणि गाउस यांची समाधी आल्बानी दफनभूमीत, जुन्या गावाला लागून आहे.

१९२०च्या दशकासाठी बुन्झेन रस्त्यावर जा. माक्स बोर्न आणि जेम्स फ्रांक या भौतिकशास्त्रज्ञांच्या संस्था येथेच होत्या, आणि शेजारची गणित संस्थेची इमारत रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने १९२९ मध्ये पुरी झाली. वेर्नर हायझेनबेर्ग बोर्न यांचे साहाय्यक होते. १९२५च्या जूनमध्ये गवताच्या परागकणांनी बेजार होऊन ते हेल्गोलांड बेटावर गेले, तेथे त्यांना सुचलेल्या मांडणीतून बोर्न, हायझेनबेर्ग व योर्डान यांनी पुंज यांत्रिकीचे पहिले सुसंगत रूप उभे केले. (परागकणांचा त्रास तुम्हालाही होत असेल तर मे-जून टाळून सप्टेंबरात जावे, ही सूचना मी पूर्ण गांभीर्याने करतो.) रॉबर्ट ओपेनहायमर यांनी १९२७ मध्ये बोर्न यांच्याच हाताखाली डॉक्टरेट मिळविली. आपले सुब्रह्मण्यन चंद्रशेखर केंब्रिजला शिकत असताना १९३१चा उन्हाळा बोर्न यांच्या संस्थेत काढून गेले होते.

त्यानंतर दोन वर्षांत सारे विस्कटले. नाझी सत्तेने एप्रिल १९३३ मध्ये ज्यू अध्यापकांना सरकारी सेवेतून दूर करण्याचा कायदा केला. पहिल्या महायुद्धातील सैनिकी सेवेमुळे फ्रांक यांना त्यातून सूट मिळत होती. ती सूट नाकारून त्यांनी निषेध म्हणून उघडपणे राजीनामा दिला. बोर्न यांना, तसेच रिशार्ट कुरांट व एमी नोएटर या गणितज्ञांना पदे सोडावी लागली. नोएटर यांचे नाव मी मुद्दाम घेतो. १९१५ मध्ये येथील गणिताचे प्राध्यापक डेव्हिड हिल्बर्ट यांच्या निमंत्रणावरून आलेल्या या विदुषीला केवळ स्त्री म्हणून अध्यापनाचा अधिकृत हक्क १९१९ पर्यंत मिळाला नव्हता, आणि चौदा वर्षांत तो पुन्हा काढून घेण्यात आला. देशोधडीला लागलेले बोर्न १९३५-३६च्या हिवाळ्यात सर सी. व्ही. रामन यांच्या निमंत्रणावरून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत येऊन राहिले होते, हे आपल्याकडे फारसे आठवले जात नाही. जेथे ज्यू प्रार्थनामंदिर होते आणि ९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री ते जाळण्यात आले, त्या जागी आज पोलादी नळ्यांचे स्मारक आहे. शहर पाहताना तेथे गेल्यावाचून परतू नये असे माझे मत आहे.

सर्वांत अधिक वेळ मात्र शहराच्या पश्चिमेला असलेल्या मोठ्या दफनभूमीला द्या. जुन्या गावापासून ती पायी लांब पडेल, पण बसने दहा-पंधरा मिनिटांत जाता येते. माक्स प्लांक, माक्स बोर्न, ओटो हान, माक्स फॉन लाउए, वाल्टर नेर्न्स्ट, ओटो वालाख, आडोल्फ विंडाउस आणि रिशार्ट झिग्मोंडी असे आठ नोबेल पारितोषिक विजेते तेथे चिरनिद्रा घेत आहेत. प्लांक यांच्या शिळेवर त्यांचे नाव आणि खाली त्यांचा स्थिरांक, एवढेच. बोर्न यांच्या शिळेवर, स्थान व संवेग यांचा गुणाकार क्रम बदलला की बदलतो, हे सांगणारे समीकरण. हान यांच्या शिळेवर अणुविभाजनाची खूण. डेव्हिड हिल्बर्ट यांच्या शिळेवरील जर्मन शब्दांचा अर्थ असा : आपल्याला जाणलेच पाहिजे, आपण जाणूच. आयुष्यभर फळ्यावर ही समीकरणे लिहिलेल्या माणसाने त्या शिळांपुढे उभे राहणे ही मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी अर्धा दिवस मोकळा ठेवावा. दफनभूमी विस्तीर्ण आहे, वाटा सपाट आहेत, बाकेही आहेत. प्रवेशद्वारापाशी नकाशा पाहूनच पुढे जा, नाहीतर गुडघ्यांना उगाच फेऱ्या पडतील.

गावात चढ जवळजवळ नाही. गुडघ्यांना त्रास होईल तो फरसबंदी दगडांचा, म्हणून जाड तळव्याचे बूट न्यावेत. जुन्या तटाच्या माथ्यावरून गावाभोवती सुमारे तीन किलोमीटरची गर्द झाडांतली वाट आहे, ती मऊ मातीची असून तुकड्या-तुकड्यांनी चालता येते. याच तटावर एक छोटे गोल दगडी घर लागते. पुढे जर्मनीचे चान्सलर झालेले बिस्मार्क १८३२-३३ मध्ये येथे कायदा शिकत असताना दांडगाईमुळे त्यांना गावाच्या आत राहण्याची मनाई झाली, तेव्हा ते त्या घरात राहत होते. सेंट याकोबी चर्चचा ७२ मीटरांचा मनोरा खालूनच पाहावा, आत मात्र अवश्य जावे. तेथील खांबांवरील लाल, पांढरे व करडे पट्टे आणि १४०२ची वेदीमागची चित्रचौकट पाहण्यासारखी आहे.

प्रश्न : आम्ही दोघे शुद्ध शाकाहारी आहोत आणि आमच्यापैकी एकाला अंडेही चालत नाही. लहान गावात उपाशी राहण्याची वेळ येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : येणार नाही. वीस हजारांहून अधिक विद्यार्थी असलेल्या गावात शाकाहारी आणि दुग्धजन्य पदार्थही न खाणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि विद्यापीठाच्या भोजनगृहांत असे पदार्थ रोज असतात. पाहुण्यांनाही तेथे जेवता येते, दर विद्यार्थ्यांपेक्षा थोडा अधिक पडतो.

सावधगिरी वेगळ्याच ठिकाणी लागते. बटाट्याचे सॅलड, शेंगांचे सूप, कांद्याची पावरोटी असे दिसायला निरुपद्रवी पदार्थ ‘श्पेक’ म्हणजे डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे घालून केलेले असू शकतात आणि भाज्यांचे सूप मांसाच्या अर्कात शिजविलेले असू शकते. म्हणून ‘फेगेटारिश?’ एवढे विचारून न थांबता ‘ओन श्पेक? ओन आय?’ म्हणजे चरबीचे तुकडे नाहीत ना, अंडे नाही ना, असेही विचारावे. गोड जेलीत व दह्याच्या काही गोड पदार्थांत जिलेटिन असते. वेंडर रस्त्यावरील जुन्या मिठाईघरात मिळणारा, झाडाच्या खोडातील वर्तुळांसारखे थर असलेला ‘बाउमकूखेन’ हा केक फार नावाजलेला आहे, पण त्यात अंडी भरपूर असतात. अंडे खाणाऱ्याने तो खावा, दुसऱ्याने बेकरीतील मीठ लावलेली ‘ब्रेत्सेल’ आणि उत्तम पाव घ्यावा. मे-जूनमध्ये गेलात तर पांढऱ्या शतावरीचा, ‘श्पार्गेल’चा, हंगाम असतो. तो २४ जूनला संपतो. ती उकडलेल्या बटाट्यांसह वितळलेले लोणी घालून मागवावी, कारण सोबतच्या पिवळ्या सॉसमध्ये अंड्याचा बलक असतो.

रविवारी दुकाने बंद असतात, काही बेकऱ्या सकाळी थोडा वेळ उघडतात, तेव्हा शनिवारीच दूध, भाजी, फळे भरून ठेवा. नळाचे पाणी निःशंक प्यावे. पाण्याच्या बाटलीवर घेतलेली अनामत, बहुधा २५ सेंट, रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की परत मिळते.

प्रश्न : फ्रँकफर्टहून रेल्वेने बर्लिनला जाताना वाटेत ग्योटिंगेन लागते. काही तासांसाठी उतरण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मी तर एक रात्र राहा असेच सांगेन, कारण संध्याकाळी सायकलींवरून घरी परतणारे विद्यार्थी आणि चौकात पायऱ्यांवर बसलेली मंडळी पाहिल्यावाचून या गावाचा स्वभाव कळत नाही. ते जमत नसेल तर निदान पाच तास द्यावेत. जलद गाडीने फ्रँकफर्टहून दोन तासांच्या आत पोहोचता येते आणि पुढे बर्लिनला सुमारे अडीच तास लागतात. सवलतीचे तिकीट ठरावीक गाडीलाच बांधलेले असते, म्हणून ते काढतानाच ग्योटिंगेनचा थांबा व थांबण्याची वेळ त्यात नमूद करावी. नंतर मधेच उतरून पुढची कोणतीही गाडी पकडली तर दंड भरावा लागेल.

सामान स्थानकावरील कुलुपाच्या कपाटात ठेवा. स्थानकापासून गोएथे आले या रस्त्याने सरळ चालत गेले, की दहा मिनिटांत पाउलिनर चर्च लागते. मध्ययुगात डॉमिनिकन साधूंसाठी बांधलेल्या या चर्चमध्ये १७३७ साली विद्यापीठाचे उद्घाटन झाले, आणि पुढे ते विद्यापीठाचे ग्रंथालय बनले. चामड्यावर छापलेल्या गुटेनबेर्गच्या बायबलची एक संपूर्ण प्रत याच ग्रंथालयाच्या मालकीची आहे. तेथून नगरभवनाचा चौक पाच मिनिटांवर आहे. नगरभवनाच्या दालनात हान्झा संघातील व्यापारी शहरांची चिन्हे रंगविलेली आहेत, कारण १३५१ ते १५७२ या काळात ग्योटिंगेनही त्या संघात होते. तळघराच्या भोजनगृहावर एक लॅटिन वचन आहे : ग्योटिंगेनबाहेर जीवन नाही, आणि असलेच तर असे नाही. वेळ उरला तर बार्फ्यूसर रस्त्यावरचे युंकर्नशेंके हे सोळाव्या शतकातल्या कोरीव लाकडी दर्शनी भागाचे घर पाहावे. पावसाळी दिवस निघाला तर स्थानकाजवळच २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘फोरम विसेन’ या विज्ञान संग्रहालयात शिरावे.

प्रश्न : ग्योटिंगेनला मुक्काम ठेवून एका दिवसात जाऊन येण्याजोगे काय आहे? (एक वाचिका, इंदूर)

उत्तर : मोठी शहरे सोडून द्या आणि जवळचे पाहा. कासेल जलद गाडीने वीस मिनिटांवर आहे. तेथील विल्हेल्म्सह्यो डोंगरउतारावरील उद्यान २०१३ पासून जागतिक वारसा यादीत असून उन्हाळ्यात बुधवार, रविवार व सणाच्या दिवशी दुपारी त्याच्या माथ्यावरून पाणी सोडले जाते आणि ते पायऱ्या-पायऱ्यांनी खाली उतरत जाते. त्या पाण्याबरोबर आपणही खाली चालत यावे. हान-म्युंडेन येथे फुल्डा आणि वेरा या नद्यांचा संगम होऊन वेझर नदी सुरू होते, आणि शेकडो जुनी लाकडी घरे तेथे जशीच्या तशी आहेत. संगमाचे महत्त्व आपल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

माझा स्वतःचा आग्रह मात्र फ्रीडलांडसाठी आहे. ग्योटिंगेनच्या दक्षिणेला, स्थानिक गाडीने सुमारे पाव तासावर असलेल्या या खेड्यात सप्टेंबर १९४५ मध्ये ब्रिटिशांनी निर्वासितांची छावणी उघडली, कारण हरलेल्या जर्मनीचे ब्रिटिश, अमेरिकन व सोव्हिएत सैन्यांच्या ताब्यातले तिन्ही विभाग येथे एकमेकांना भिडत होते. तेव्हापासून चाळीस लाखांहून अधिक माणसे या छावणीतून गेली : पूर्वेकडून हाकलले गेलेले जर्मन, युद्धकैदी, पुढे हंगेरी, चिली, व्हिएतनाम येथून आलेले, आणि अगदी अलीकडचे सीरियातले. छावणी आजही चालू आहे. जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीत २०१६ पासून तिचे संग्रहालय आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची वस्ती ज्या शहरांनी पाहिली, त्या शहरांतून आलेल्या वाचकाला तेथील लहानसहान वस्तू परक्या वाटणार नाहीत. छावणीत आज राहणाऱ्या लोकांची छायाचित्रे काढू नयेत. जाण्यापूर्वी संग्रहालयाचा सुट्टीचा वार पाहून घ्यावा, आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच लिहून ठेवावी.